वेराबाईंच्या घरातली हवा

घरं तपासण्याचं काम मी करते म्हटलं की लोक हमखास एकच विचारायचे, "तुम्हाला भीती नाही वाटत?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साप, उंदीर, घराखालची अंधारी पोकळी असलं काहीतरी असायचं. अशा एका पोकळीत मला एकदा रकून, आपल्या ऊदमांजरासारखं इथलं एक रानटी जनावर, भेटली होती, पिल्लांसकट. आम्ही दोघी आया. एकमेकींकडे बघितलं आणि मी आल्या वाटेने पोटावर सरपटत मागे गेले. त्याचं आता हसू येतं. भीती वाटायची ती ज्याला वास नाही, रंग नाही, आवाज नाही अशा गोष्टीची. ती अजून गेलेली नाही. कोणाकडे जेवायला गेलं की चपला काढता काढता माझी नजर आधी त्यांच्या भिंतींवर आणि छतावर फिरते, मग यजमानांवर. आमचे हे म्हणतात, अगं, लोकांना वाटतं तू त्यांच्या घराची किंमत करतेस.

काम तसं सोपं सांगता येतं. अमेरिकेत घर घ्यायचं ठरलं की पक्का व्यवहार होण्याआधी खरेदीदार एक तपासनीस नेमतो. तो छपरापासून तळघरापर्यंत हिंडतो, नळ सोडून बघतो, विजेची पेटी उघडतो, भिंतीतल्या भेगा बघतो आणि काय धड आहे, काय नाही ते सांगतो. मी नागपूरची सिव्हिल इंजिनिअर. यांच्या विद्यापीठातल्या नोकरीमुळे मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आले, काही वर्षं मुलं वाढवली आणि मग हा धंदा शिकले. साडी सोडून ओव्हरऑल घातला तेव्हा सासूबाईंनी फोन सासऱ्यांच्या हातात दिला. पण गावात मराठी मंडळी वाढत होती, सॉफ्टवेअरमध्ये बरे पैसे मिळवत होती, आणि "आपल्या शुभाताईंना बोलवू" हे त्यांना सोयीचं होतं. त्यांचं माझ्याशी मराठीतून बोलून व्हायचं आणि विकणाऱ्याला कळायचं नाही.

आपल्या लोकांची तपासणी म्हणजे जत्रा. एका घरी सासऱ्यांनी पुण्याहून होकायंत्र पाठवलं होतं आणि मी बॉयलर बघत असताना फोन माझ्या कानाला लावून ते मला ईशान्य विचारत होते. दुसऱ्या एका गृहस्थांनी प्रत्येक सॉकेटमध्ये स्वतःचा चार्जर घालून पाहिला, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, "फक्त डबल चेक" म्हणून. मी चिडायचे आणि मग चहा प्यायला थांबायचे.

निखिल आणि केतकी मात्र मला पहिल्यापासून आवडले. २००५-०६ च्या सुमाराची गोष्ट. निखिलने दोन मित्रांबरोबर काढलेली छोटी कंपनी कॅलिफोर्नियातल्या कोणा मोठ्याने विकत घेतली आणि तिशीतली ही दोघं एकदम श्रीमंत झाली. इतकी एकदम, की केतकी अजून दुकानात कूपनं काढायची आणि मग लाजून परत पर्समध्ये ठेवायची. नदीच्या वरच्या बाजूला, मोठ्या ओक झाडांच्या रस्त्यावर एक जुनं दुमजली घर त्यांनी पसंत केलं होतं. घरापेक्षा जागा पसंत होती. वसंतात आतलं सगळं पाडून नवं करायचं, असं ठरलं होतं.

घर वेराबाईंचं. त्यांचं खरं नाव मोठं होतं, वडिलांचं नाव मध्ये घालून घ्यायची रशियन पद्धत असते तसं, पण मी मनात त्यांना वेराबाई म्हणायला लागले आणि तेच राहिलं. त्यांचे वडील लेनिनग्राडचे कवी होते. पोलीस झडतीला येणार अशी कुणकुण लागली की ते आपल्या कविता शेगडीत घालायचे, आणि त्याआधी लहानग्या वेराला समोर बसवून त्या पाठ करून घ्यायचे. ती मुलगी म्हणजे त्यांचं छापलेलं पुस्तक. सत्तरच्या दशकात वेराबाई नवऱ्याबरोबर इथे आल्या. नवरा रशियन साहित्य शिकवायचा. मग पंधरा-वीस वर्षं या घरात म्हणे पाय ठेवायला जागा नसायची, पॅरिसहून आणि न्यूयॉर्कहून लेखक यायचे, जमिनीवर झोपायचे, पहाटेपर्यंत वाचन चालायचं. मी गेले तेव्हा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती, रशियाचं कौतुक संपलं होतं, आणि घरात वेराबाई, त्यांचा पन्नाशीला आलेला मुलगा मित्या, आणि पुस्तकं. मित्या भाषांतरं करायचा. कोणी मागितलेली नसायची.

तपासणीच्या दिवशी वेराबाई माझ्या मागोमाग हिंडल्या. मी भिंतीतली ओल बघत होते आणि त्या मला तिथे कोण बसायचं ते सांगत होत्या. निखिल टेप घेऊन कुठली भिंत काढायची ते मोजत होता. तो मराठीत पुटपुटला, "ताई, ही पुस्तकं नेतील ना सगळी? नाहीतर कचऱ्याचा मोठा डम्पस्टर मागवावा लागेल." वेराबाईंनी मला विचारलं, हे काय म्हणाले. मी म्हटलं, म्हणतात पुस्तकं फार आहेत. त्या निखिलकडे वळून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "मोकळेपणाने बोला. मी आयुष्यात खूप काही विकलंय. मोजमाप करणारी माणसं मला ओळखू येतात." बिचारा निखिल कानापर्यंत लाल झाला.

तळघरात फर्नेस होती. इथल्या लोकांना हे सांगायला नको, पण आपल्या मंडळाचा हा अंक भारतातही जातो म्हणून सांगते. थंडीच्या प्रदेशात घर गरम करायला तळघरात एक गॅसची भट्टी असते. गॅस आत जळतो, पंखा घरातली हवा त्या भट्टीच्या बाहेरून फिरवून गरम करतो आणि खोल्याखोल्यांत सोडतो. जळलेला धूर चिमणीतून वर जातो. तो वर गेला नाही तर घरात येतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, गळून जायला होतं. त्याला वाटतं फ्लू आहे. तो दार-खिडक्या लावून, हीट वाढवून, पांघरूण घेऊन झोपतो. मरायला बहुतेक वेळा एवढंच लागतं.

वेराबाईंची फर्नेस म्हातारी होती आणि चिमणीच्या आतल्या विटा सुटत आल्या होत्या. मी दोघांनाही स्पष्ट सांगितलं, थंडीच्या आत माणूस बोलवा. निखिल म्हणाला, ताई, एप्रिलमध्ये सगळं तोडूनच टाकणार आहोत, मग आता कशाला. वेराबाई म्हणाल्या, मी तर घर विकलं. आणि मध्ये एक अडचण होती. वेराबाईंना ज्या वृद्धांच्या संकुलात जायचं होतं तिथली खोली मार्चशिवाय रिकामी होत नव्हती. केतकीने मोठ्या मनाने सांगितलं, व्यवहार जानेवारीत करू, पण तुम्ही मार्चपर्यंत इथेच राहा, भाडं नको. म्हणजे कागदोपत्री मालक एक आणि राहणार दुसरे. असल्या दोन-तीन महिन्यांत घराला कोणीच मालक नसतो, हे मला धंद्याने शिकवलं आहे. मी केतकीच्या मागेच लागले, तेव्हा तिने त्याच दिवशी जाऊन कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म आणले. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचे. एक जिन्यापाशी लावला, एक वेराबाईंच्या खोलीच्या दाराशी. मी स्वतः बटण दाबून ते वाजवून पाहिले आणि मला बरं वाटलं.

जानेवारीत व्यवहार झाला. निखिलच्या बाबांचा नागपूरहून फोन आला, घर नावावर झालं की वास्तुशांत आधी, बाकी सगळं नंतर. गुरुजींनी मुहूर्त काढला तो त्याच महिन्यातला. केतकीने भीत भीत वेराबाईंना विचारलं, तर त्या खूशच झाल्या. घरात अग्नीची पूजा होणार, आणि ती मी बघायची नाही, असं कसं, म्हणाल्या. मित्याने दिवाणखान्यातले पुस्तकांचे ढीग बाजूला केले. माझं तांब्याचं हवनकुंड गावातल्या सगळ्या मराठी घरांत फिरतं, तेव्हा ते आदल्या दिवशी केतकी घेऊन गेली. मला त्या दिवशी लांब एका घराचं काम होतं, त्यामुळे पूजेला जाता आलं नाही.

केतकीने नंतर सांगितलं की पूजा सुंदर झाली. वेराबाई सोफ्यावर टेकून न बसता शेवटपर्यंत जमिनीवर बसून राहिल्या.

मग गावात थंडीची लाट आली. नाकातलं पाणी गोठावं अशी. शाळा बंद, रस्त्यावर माणूस नाही. एका सकाळी ऑफिसला जाता जाता केतकी घाईघाईने माझं हवनकुंड परत देऊन गेली. मोठी कापडी पिशवी होती. मी स्वयंपाकघरात ती रिकामी करायला घेतली. कुंड निघालं, उरलेल्या समिधा निघाल्या, लाडवांचा डबा निघाला. तळाशी एक उपरणं गुंडाळलेलं होतं. उलगडलं तर आत छतावरचे धुराचे अलार्म, आणि त्यांच्याबरोबर ते दोन, भिंतीत खोचायचे.

आपल्याकडे काय करतात ते अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. हवनाआधी कोणीतरी उंच माणूस खुर्चीवर चढतो आणि घरातले सगळे अलार्म काढून ठेवतो. नाहीतर स्वाहा म्हणायच्या आत घर किंचाळायला लागतं आणि फायर ब्रिगेड दारात. चपला दाराबाहेर काढाव्यात इतकं ते सवयीचं झालं आहे. आणि पूजा संपली की जेवणाच्या गडबडीत, कोणीतरी लावेल, असं प्रत्येकाला वाटतं.

मी अलार्म तसेच ओट्यावर टाकले. केतकीला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, ते त्या बॅगेत आहेत? मला वाटलं निखिलने इन्स्टॉल केले परत. त्याला वाटलं असणार मी केले." मी तिला म्हटलं फोन ठेव.

वेराबाईंच्या घरचा फोन खूप वेळ वाजला. मला वाटलं संपलं. मग मित्याने उचलला. त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता. म्हणाला आईला फ्लू आहे, मलाही आहे, सध्या सगळीकडेच आहे. मी म्हटलं, मित्या, आईला घेऊन आत्ताच्या आत्ता घराबाहेर पड, कोट घालत बसू नकोस. तो म्हणाला, बाहेर फार थंडी आहे. आणि त्याने फोन ठेवला नाही, नुसता बाजूला टाकला. तो चालत गेल्याचा आवाज आला. मागे फर्नेसच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. आणि दूर, बहुधा वरच्या मजल्यावरून, वेराबाई बोलत होत्या. रशियनमध्ये, शांतपणे. थांबत होत्या, ऐकत होत्या, पुन्हा बोलत होत्या. घरात त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं आणि मित्या तर खाली होता.

आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नाही. मोबाइलवरून ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला, पत्ता दोनदा सांगितला. आणि गाडी काढली. माझं घर त्यांच्यापासून जवळ. बर्फावर गाडी सरकत होती आणि मी मोठ्याने स्वतःलाच सांगत होते, आत जायचं नाही, आत जायचं नाही. कारण धंद्यातला पहिला नियम तोच. वाचवायला गेलेला माणूस आधी पडतो.

पोचले तेव्हा फायर ब्रिगेड यायची होती. घराच्या सगळ्या खिडक्या आतून पाण्याने निथळत होत्या. जळलेल्या गॅसची वाफ चिमणीतून न जाता घरात साठली की असं होतं. दार लोटलं तर उघडंच होतं. मित्या समोर जिन्याच्या पायरीवर भिंतीला टेकून बसला होता, चेहरा गुलाबी, एखाद्या निरोगी माणसासारखा. मी श्वास रोखला, आत गेले, त्याच्या काखेत हात घातले आणि ओढत त्याला पोर्चवर आणला. इंजिनिअर झाले तेव्हा इतकं वजन उचलेन असं वाटलं नव्हतं. तो बर्फात ओकला.

वरून वेराबाईंचा आवाज अजून येत होता.

मी वर गेले नाही. नियम बरोबर होता आणि अजूनही मी तोच सांगते. पण उघड्या दारात उभं राहून तो आवाज ऐकणं, आणि तो ऐकू येतोय म्हणजे त्या जिवंत आहेत एवढाच त्याचा आधार धरणं, आणि मग तो मध्येच थांबणं, हे कोणाच्या वाट्याला येऊ नये. तो थांबला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं नाही, कोणाचंच घेतलं नाही. नुसती दाराची चौकट धरून उभी राहिले.

मग सायरन ऐकू आला. मुखवटे लावलेली माणसं आत गेली. त्यांच्या हातातलं गॅस मोजायचं मीटर उंबरठ्यावरच जे वाजायला लागलं ते बंद होईना. त्यांनी वेराबाईंना ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणलं. एवढ्याशा दिसत होत्या. डोळे उघडे होते आणि त्या रागावल्या होत्या. त्यांना परत आत जायचं होतं.

दोघंही वाचली. चिमणीतल्या विटा आत ढासळून वाट बुजली होती, असं नंतर कळलं.

दोन दिवसांनी मी आणि केतकी हॉस्पिटलमध्ये गेलो. केतकी रडून रडून सुजली होती. माफी मागायची म्हणून तिने वाक्य पाठ केलं होतं, पण तिने तोंड उघडायच्या आधीच वेराबाईंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, "तुझे आभार कसे मानू? तुम्ही अग्नी पेटवलात आणि माझे बाबा आले."

त्या सांगायला लागल्या. पूजेनंतर एक-दोन दिवसांनी त्यांना वडिलांचा आवाज ऐकू यायला लागला. ते कविता म्हणत होते. पाठ असलेल्या नव्हेत. शेगडीत गेलेल्या आणि वेराबाईंच्याही डोक्यातून कधीच पुसल्या गेलेल्या. लहानपणी वेराबाई काही कविता विसरल्या होत्या, आणि विसरल्या हे वडिलांना कधी सांगितलं नव्हतं. ते गेल्यावर त्या कविता जगात कुठेच नव्हत्या. आयुष्यभर हा काटा होता. आणि आता ते पलंगाशी बसून एकेक ओळ म्हणत होते आणि चुकलं की पुन्हा म्हणायला लावत होते.

"सगळ्या मिळाल्या मला," त्या म्हणाल्या. "एक राहिली होती. ती चालू असताना ही माणसं आली."

केतकीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मला वाचता आलं, ताई, सांगू नका. पण वेराबाईही माझ्याकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "घरात काय बिघडलंय ते सांगणं तुमचं काम. मला खरं सांगा. ते गॅसमुळे होतं का?"

मी हो म्हटलं. मेंदूला प्राणवायू कमी पडला की असं होतं, म्हटलं. शक्य तितक्या हळू आवाजात.

त्यांनी मान हलवली. मी विचारलं, त्यातलं काही आठवतंय का. त्या डोळे मिटून नुसते ओठ हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही. एक शब्दसुद्धा नाही." मित्या खिडकीपाशी उभा होता, तो बाहेर निघून गेला.

निखिलने फर्नेस त्याच आठवड्यात बदलली, चिमणी पाडली. वेराबाई नव्या जागी गेल्या. तिथे सगळं विजेवर, गॅसचं नावही नाही. केतकीला त्या घरात राहायलाच नको होतं. ती म्हणायची, ताई, मी जिन्याजवळ जाते आणि मला श्वास लागतो. घर विकायच्या गोष्टीही झाल्या, पण तोवर मंदीमुळे मिशिगनमधली घरं विकली जाण्याचे दिवस संपत आले होते. शेवटी पुढच्या शरद ऋतूत, सगळं नवंकोरं झाल्यावर, ती दोघं राहायला आली. वेराबाईंनी निरोप पाठवला की मी येणार. नव्या घरात पाव आणि मीठ घेऊन जायची त्यांच्याकडे रीत आहे.

मित्या त्यांना घेऊन आला. त्यांनी स्वतः भाजलेला गोल पाव आणला होता, वर मिठाची वाटी. भिंती गेल्या होत्या, दिवाणखाना मोठा आणि पांढरा झाला होता. त्यांनी सगळ्याचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, माझी खोली बघू का?

आम्ही सगळे वर गेलो. पलंगाच्या जागी आता निखिलचं टेबल होतं. त्या त्याच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, थोडा वेळ कोणी बोलू नका. डोळे मिटले. केतकीने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर तिथे वळ होते. खाली तळघरात नवी फर्नेस सुरू झाली, जेमतेम ऐकू येईल एवढीच. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला तीच भीती वाटत होती, उघड्या दारात वाटली होती ती. त्यांना काही ऐकू येईल याची की येणार नाही याची, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

त्यांनी डोळे उघडले. "काही नाही," त्या मला म्हणाल्या. "काम चांगलं झालंय."

खाली आल्यावर टेबलापाशी बसून त्या पाव कापायला लागल्या. कापता कापता सहज विचारावं तसं त्यांनी निखिलला विचारलं, ती जुनी फर्नेस कुठे टाकलीत. निखिलला वाटलं त्यांना धीर हवा आहे. तो म्हणाला, काळजीच करू नका, भंगारात गेली, तुकडे करून वितळवली.

"अख्खी?" त्यांनी विचारलं.

"अख्खी," निखिल म्हणाला. सुरी अर्ध्या पावात थांबली.

मित्याने आईच्या हातातली सुरी हळूच काढून घेतली आणि उरलेला पाव त्याने कापला.